शाळेच्या हॉलात जहाजाचं पोट कसं मांडायचं

हे सुरू झालं टोमॅटोवरून. दिंडोरीकडून एसटीनं येणारी नववीतली एक मुलगी तीन दिवस शाळेला आली नाही. चौथ्या दिवशी आली आणि म्हणाली, ‘‘बाई, प्लॉट गेला. करपा.’’ चार दिवस ढगाळ हवा, पानांवर पाणी साचल्यासारखे डाग, मग ते काळे, आणि आठवड्याच्या आत उभा प्लॉट भाजून काढल्यासारखा. मी इतिहासाची बाई, शेतीतलं मला फार कळत नाही. पण एवढं माहीत होतं की हा जो उशिरा येणारा करपा, त्याच रोगानं १८४५ साली आयर्लंडचा बटाटा खाल्ला. पुढच्या काही वर्षांत तिथं सुमारे दहा लाख माणसं भुकेनं आणि तापानं मेली आणि दहा लाखांहून जास्त देश सोडून गेली. या करप्यावर फवारतात ते बोर्डो मिश्रण निघालं ते १८८५ च्या सुमाराला, तेही फ्रान्समध्ये, द्राक्षांवरच्या डावणी रोगासाठी. म्हणजे चाळीस वर्षं उशिरा. बोर्डोचं नाव निघाल्यावर वर्गातली द्राक्षवाल्यांची पोरं एकदम जागी झाली. पण त्या मुलीचा प्रश्न वेगळाच होता. ‘‘बाई, मग ती माणसं गेली कशी?’’

‘‘जहाजानं.’’

‘‘जहाजानं म्हणजे कशी?’’

मला सांगता आलं नाही. त्या ‘कशी’पायी गेली चार वर्षं जानेवारीच्या प्रदर्शनात मी आमच्या हॉलमध्ये अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजाचा स्टिअरेज मांडते. आता इतर शाळांतल्या शिक्षकांचे फोन येतात, ‘‘तुमचं ते जहाज कसं केलंत?’’ म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते. खर्च फार नाही. थर्माकोलच्या रायगडाला यापेक्षा जास्त लागतो.

आधी शब्द समजून घ्या, कारण पोरं पहिला प्रश्न तोच विचारतात. जहाजाचं सुकाणू हलवायची यंत्रणा मागच्या बाजूला असे, तिथल्या खालच्या भागाला स्टिअरेज म्हणत. पुढे हे नाव सगळ्यात स्वस्त तिकिटाला चिकटलं. वरचा डेक आणि माल भरायची तळातली जागा, यांच्या मधला मजला म्हणजे स्टिअरेज. तो मुळात माणसांसाठी नव्हताच. कॅनडातून लाकूड आणि अमेरिकेतून कापूस घेऊन जहाजं लिव्हरपूलला यायची आणि परत जाताना पोट रिकामं. आपल्याकडे मुंबईला भाजी टाकून रिकामी निघालेली गाडी रिटर्न भाडं मिळालं तर सोडते का? तसंच. फळ्या ठोकून झोपायची जागा करायची, माणसं भरायची, पलीकडे उतरवायची, फळ्या काढून टाकायच्या आणि पुन्हा लाकूड भरायचं. म्हणजे मंडपच तो. माणसं काही फक्त आयर्लंडची नव्हती. जर्मनीतले लोक ब्रेमेन आणि हॅम्बुर्गहून निघत, काही फ्रान्सच्या ल हाव्र बंदरातून. नॉर्वे-स्वीडनची माणसंही होती.

आता आखणी. आमचा हॉल वीस फूट रुंद आहे आणि त्याची छत्तीस फूट लांबी मी वापरते. तुमचा वेगळा असेल, पण सहाच्या पाढ्यात बसेल अशी लांबी धरा, पुढचं गणित सोपं जातं. दोन्ही लांब भिंतींना लागून सहा-सहा फूट रुंदीचा पट्टा खडूनं आखायचा. मधे आठ फुटांची वाट उरते. मग त्या पट्ट्यांचे सहा फूट बाय सहा फूट असे चौकोन पाडायचे. एका बाजूला सहा, समोर सहा. साध्या शाळेच्या खडूनं आखलंत तर दुपारपर्यंत पायांनी पुसलं जातं. रांगोळीच्या दुकानात जाड रंगीत खडू मिळतात ते घ्या, नाहीतर फरशीवर सुतळी ताणून टोकं चिकटपट्टीनं बसवा.

या एका चौकोनात चार मोठी माणसं झोपत. १८४७ च्या अमेरिकी कायद्यानं एका माणसाला सहा फूट लांब आणि अठरा इंच रुंद जागा द्यायचं बंधन घातलं. बंधन होतं म्हणजे त्याआधी तेवढीही मिळत नव्हती, हे पोरांना तुम्ही सांगू नका, त्यांचं त्यांना कळू द्या. अठरा इंच म्हणजे आपला एक हात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. मी प्रत्येक चौकोनात चौघांना झोपायला सांगते आणि मधे माझा हात ठेवून मोजते. पोरांचा स्वतःचा हात सोळा-सतरा इंचच भरतो, त्यामुळे मोजायला मोठ्या माणसाचाच हात घ्यावा. मुलांचे आणि मुलींचे चौकोन वेगळे करा, पालकांचा फोन टळतो. पण जहाजांवर कितीतरी दिवस असं वेगळं नव्हतं, हेही सांगा. अनोळखी माणसांच्या शेजारी, एका फळीवर, दीड महिना. पुढे कायद्यानं एकट्या पुरुषांना पुढच्या भागात, मधे आडभिंत घालून ठेवायला लावलं.

१८५५ मध्ये अमेरिकेनं ती रुंदी वाढवून दोन फूट केली आणि एका माणसाची एक जागा असं ठरवलं. सहा फूट बाय दोन फूट. हे ऐकल्यावर आमच्या नाशिकरोडच्या एका मुलानं लगेच सांगितलं, ‘‘बाई, ही तर स्लीपरची बर्थ.’’ जवळपास तीच. म्हणजे स्लीपर डब्यात जे मिळतं ते मिळवायला त्या लोकांना १८५५ पर्यंत थांबावं लागलं, आणि तिथं गाडी सकाळी मनमाडला लागत नव्हती.

फळ्यांची गोष्ट जरा सावकाश सांगते, कारण इथं मी चुकले होते. पहिल्या वर्षी मी हौसेनं सगळेच चौकोन खरे करायचं ठरवलं. बाकांवर बाक चढवून दोन मजले उभे केले. प्रदर्शन सुरू व्हायच्या आदल्या दिवशी एक मुलगा वरच्या बाकावरून घसरला, मनगट मुरगळलं, आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत मला जे ऐकावं लागलं ते योग्यच होतं. तेव्हापासून खरी फळी फक्त एका चौकोनात आणि तीही फक्त खालची. बाकी सगळं खडू आणि सुतळी. कोपऱ्यांना आणि मधे विटा लावायच्या, तीन-तीन आडव्या एकावर एक. तीन विटा म्हणजे नऊ इंच, म्हणजे एक वीत. १८५५ च्या कायद्यात खालची फळी जमिनीपासून निदान इतकी वर हवी असं आहे, खाली झाडता यावं आणि ओल लागू नये म्हणून. त्यावर सहा बाय तीनच्या दोन प्लाय शेजारी शेजारी. एकोणीस मिलिमीटरची प्लाय घ्या. बाराची मधे वाकते आणि चौथं पोर बसलं की कुरकुरते. सेंट्रिंगवाल्या पालकांकडे असतेच. फक्त सिमेंटचे पोपडे आणि खिळे आधी पाहा.

वरचा मजला नुसता दाखवायचा. मंडपवाल्याकडून चार बांबू आणि त्यांचे बुडखे घट्ट बसतील असे वाळूचे डबे मागवा. जमिनीपासून साडेतीन फुटांवर बांबूंना सुतळी गुंडाळून वर एक जुनी चादर ताणा. ती झाली वरची बर्थ, तिच्यावर कोणी चढायचं नाही. आणि सहा फुटांवर आणखी एक चादर, तो वरचा डेक. दोन डेकांमध्ये सहा फूट उंची म्हणजे त्या काळातला चांगला जहाजवाला. आमचे शिपाईकाका पावणेसहा फूट आहेत. ते दर वर्षी चादरीखालून मान न वाकवता जाऊन दाखवतात आणि डोक्यावरची टोपी तेवढी चादरीला घासते. प्लायवर उंच पोरांना ताठ बसायला सांगितलं की डोकं वरच्या चादरीला टेकतं. ‘‘झोपून राहायचं नाहीतर कुबड काढून बसायचं,’’ असं एकीनं वहीत लिहिलं. ते वाक्य मी आता पाटीवर लावते.

मग गणित. या कामात मला सगळ्यात जास्त आवडतं ते हे. पोरांना विचारायचं, या हॉलमध्ये किती माणसं बसतात? एका बाजूला सहा चौकोन, दोन बाजू, दोन मजले, म्हणजे चोवीस बर्थ. प्रत्येकी चार. शहाण्णव माणसं. फळ्यांच्या हिशेबानं शहाण्णव बसतात, बसलीच. आता कायद्याचा हिशेब करा. १८४७ चा कायदा म्हणतो, दर माणशी डेकची चौदा चौरस फूट जागा. छत्तीस गुणिले वीस, सातशेवीस. भागिले चौदा. एक्कावन्न. १८५५ च्या कायद्यात ते सोळा चौरस फूट झाले, म्हणजे पंचेचाळीस. आणि आमच्या नववीच्या दोन तुकड्या मिळून बासष्ट पोरं! मग वादावादी सुरू होते की कोण उतरणार. एका वर्षी एकानं शक्कल लढवली, ‘‘बाई, लहान पोरांचं हाफ तिकीट असेल ना?’’ होतं. ब्रिटिश कायद्यात १८४० च्या दशकात एक ते चौदा वर्षांची दोन मुलं मिळून एक माणूस धरायचे. वर्गात ज्यांना चौदावं पूर्ण झालेलं नाही त्यांनी हात वर करा म्हटलं, तर एरवी मोठं दिसायला धडपडणारी सगळी पोरं अचानक तेरा वर्षांची झाली. जहाजांवरही हेच होई. वय लपवलं की जागा आणि पैसा दोन्ही वाचे.

अंधार करायचा मोह आवरा. मी दुसऱ्या वर्षी सगळ्या खिडक्यांना काळा कागद लावला, पंखे बंद केले आणि दार लोटून घेतलं. प्रदर्शन त्या वर्षी पुढे ढकलून मार्चमध्ये आलं होतं. नाशिकचा मार्च. दहा मिनिटांत एक मुलगी घेरी येऊन बसली. हॉलला दोन दारं असतील तर दोन्ही उघडी ठेवा. खिडक्यांपैकी निम्म्या झाकल्या तरी पुरतं, कारण डोळ्यांना अंधार जाणवायला बाहेरचा उजेड थोडा दिसावाच लागतो. खऱ्या जहाजात उजेड आणि हवा डेकला पाडलेल्या चौकोनी तोंडातून येई. वादळ आलं की लाटांचं पाणी आत येऊ नये म्हणून तेही झाकण बंद, कधी कधी दिवसचे दिवस. आत शेकडो माणसं, उलट्या, बादल्या. हे मी तोंडी सांगते, वास मांडत नाही. दिव्यांसाठी बॅटरीवरचे कंदील आणा. १८४० च्या दशकाच्या अखेरीला ब्रिटिश सरकारनं प्रवासी जहाजांसाठी नियम केले, त्यात खाली उघडी ज्योत न्यायला आणि धूम्रपानाला बंदी होती. अंधार पडला की तीन बंद कंदील लावायचे आणि जिन्याच्या तोंडाशी एक रात्रभर जळता ठेवायचा. लाकडी जहाज, गवताच्या गाद्या, डांबर. १८४८ च्या ऑगस्टमध्ये ‘ओशन मोनार्क’ नावाचं जहाज लिव्हरपूल सोडल्यावर काही तासांत, वेल्सचा किनारा दिसत असताना जळालं. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली.

आवाजाचंही सांगते. मोबाइलवरचा समुद्राचा आवाज लावू नका, तो अलिबागच्या किनाऱ्यासारखा वाटतो आणि पोरं सहलीच्या मूडमध्ये जातात. खाली लाटा ऐकू येत नसत, लाकूड ऐकू येई. आम्ही एका परातीत स्टीलची ताटं-वाट्या ठेवतो आणि दोन पोरं ती परात हळूहळू या बाजूला, त्या बाजूला कलती करतात. दहा मिनिटं सलग. डोकं उठतं. तेवढंच हवं असतं.

सामानासाठी पोरांना एकच काम द्यायचं: घरून वळकटी बांधून आणायची. वळकटी हा शब्द पहिल्यांदा ऐकणारी पोरं आता नववीत आहेत, हे तुम्हाला माहीत असेलच. सतरंजी, चादर, आत एक जोडी कपडे, सुतळीनं आवळून. स्टिअरेजच्या प्रवाशाला अंथरूण आपलं न्यावं लागे. ताट, मग, चहाचं भांडं, स्वयंपाकाची तवलीही आपलीच. १८७९ मध्ये, वाफेची जहाजं आली तरी ग्लासगोहून न्यूयॉर्कला सहा गिनी भरून जाणाऱ्याला अंथरूण आणि ताट-वाटी बरोबर घ्यावीच लागत होती. आठ गिनी भरणाऱ्याला ती मिळत. गवत भरलेली गादी पलीकडचा किनारा दिसू लागला की समुद्रात फेकून द्यायची. गादी फेकण्याचा भाग पोरांना फार आवडतो, तो शेवटी ठेवा.

शिधा हा या मांडणीचा जीव. त्याला पूर्ण एक तास द्या. ब्रिटिश कायद्यानं १८४९ मध्ये मोठ्या माणसाचा आठवड्याचा शिधा ठरवला होता: अडीच पौंड कडक बिस्कीट किंवा पाव, एक पौंड गव्हाचं पीठ, पाच पौंड ओटचं भरड, दोन पौंड तांदूळ, अर्धा पौंड साखर, अर्धा पौंड काकवी, दोन औंस चहा. किलोत करून घ्या: बिस्कीट एक किलो एकशेतीस ग्रॅम, पीठ साडेचारशे ग्रॅमला थोडं वर, भरड सव्वादोन किलो, तांदूळ नऊशे ग्रॅम, साखर आणि काकवी पावपाव किलोला जरा कमी, चहा सत्तावन्न ग्रॅम. मी रविवार कारंजाजवळच्या किराणावाल्याकडून वजन करून कागदी पुड्या बांधून घेते. ओटच्या पाकिटातले पोहे चालत नाहीत, ते फार देखणे दिसतात. गव्हाचा जाडा दलिया आणा. बिस्किटांच्या जागी बेकरीतले कडक टोस्ट. काकवी आपल्याकडे सहज मिळते आणि पोरांना चवीला आवडते, म्हणून बाटली शिक्षकांच्या टेबलावर ठेवावी. सगळं मांडल्यावर पोरं म्हणतात, ‘‘हे काही कमी नाही.’’ खरंच कमी नाही. मग विचारायचं, भाजी कुठंय? मीठ? तूप-तेल? आणि हे सगळं कच्चं आहे, शिजवायचं कुठं?

शिजवायचं वर, डेकवरच्या चुलीवर, नंबर लावून. सकाळी सात ते संध्याकाळपर्यंत विस्तव, तोही हवा बरी असेल तर. शेकडो माणसं आणि मोजक्या चुली. धष्टपुष्ट असेल तो आधी घुसणार. आजारी बाई किंवा म्हातारा यांची तवली तशीच. कितीतरी जण दलिया पाण्यात कालवून तसाच खात. आमच्या हॉलमध्ये मी खडूनं दोन फूट बाय दोन फुटांची एक चूल आखते आणि सगळ्यांना तवली घेऊन रांगेत उभं करते. प्रत्येकाला चुलीवर तीन मिनिटं. घड्याळ लावा. पंधराव्या पोरापर्यंत पाऊण तास जातो आणि उरलेल्यांना न सांगता हिशेब कळतो.

मग पाणी. कायद्यानं दिवसाला माणशी तीन क्वार्ट, म्हणजे तीन लिटर आणि वर चारशे मिलिलिटर. पिणं, चहा, शिजवणं, हातपाय, सगळं त्यात. एका कळशीत तेवढं मोजून मधे ठेवा. आता जे करायचं ते आधी दोन विश्वासू पोरांना सांगून ठेवा, नाहीतर खरी भांडणं होतात. मी जहाजाचा मेट, म्हणजे कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी, होते आणि पाणी वाटायला बसते. पहिल्या तिसांना देते, नीट, मापानं. एकतिसावा पुढे आला की नळ बंद. ‘‘चला, उद्या.’’

हे मी मनचं घातलेलं नाही. १८५० च्या ऑक्टोबरात व्हिअर फॉस्टर नावाचा खात्यापित्या घरचा माणूस, गरिबांना कसं नेतात ते स्वतः पाहायचं म्हणून, लिव्हरपूलहून ‘वॉशिंग्टन’ जहाजावर स्टिअरेजचं तिकीट काढून चढला. जहाजावर नऊशेच्या वर प्रवासी होते. तिकिटावर वर दिलेला शिधा छापलेला होता. पहिल्या दिवशी पाण्याची रांग लागली, तिसेक जणांना मिळालं आणि बाकीच्यांना हाकललं. शिधा पहिले काही दिवस मिळालाच नाही, पुढे मिळाला तो अर्धामुर्धा. या तक्रारीच्या भानगडीत पहिल्या मेटनं फॉस्टरला तोंडावर ठोसा मारून डेकवर आडवा केला. त्यानं सगळं टिपून ठेवलं. ते पत्र पुढे ब्रिटिश पार्लमेंटनं छापलं. आणि आपल्या बिरादरीसाठी एक गंमत: याच माणसानं पुढे शाळेतल्या मुलांसाठी अक्षर सुधारायच्या कित्त्याच्या वह्या काढल्या आणि त्या फार चालल्या.

आमच्याकडे गेल्या वर्षी काय झालं ते सांगते. नळ बंद केल्यावर थोडी ढकलाढकली झाली. दोन पोरांनी मला मस्का लावायचा प्रयत्न केला, एकीनं मैत्रिणीच्या वाट्यातलं अर्धं मागितलं. ब तुकडीतला एक मुलगा, जो वर्गात तोंड उघडत नाही, तो बाजूला जाऊन बसला आणि वहीचं पान फाडून अर्ज लिहायला लागला. ‘‘प्रति, मा. कप्तानसाहेब. विषय: पाणी मिळण्याबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून आपणांस विनंती करण्यात येते की, तिकिटावर छापल्याप्रमाणे...’’ खाली बत्तीस सह्या. मी मेटच्या भूमिकेत होते, त्यामुळे तो अर्ज फाडायला हवा होता. फाडला नाही. घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवला आणि अजून माझ्याकडे आहे. फॉस्टरची गोष्ट मी त्यानंतर सांगितली. आधी सांगू नका, अर्ज मिळणार नाही.

आजारपणावर थोडकंच बोला. १८४७ मध्ये टायफसची साथ जहाजांबरोबर पलीकडे गेली. कॅनडातल्या ग्रोस इल या विलगीकरणाच्या बेटावर पाच हजारांहून जास्त माणसं पुरलेली आहेत. हा ताप कपड्यांतल्या उवा पसरवतात हे कळायला १९०९ उजाडलं. तोपर्यंत सगळे कोंदट हवेला दोष देत आणि फळ्या व्हिनेगरनं पुसत. पण सगळीच जहाजं मरणाची नव्हती, हेही सांगायला हवं. ‘जिनी जॉन्स्टन’ नावाचं जहाज १८४८ ते १८५५ मध्ये सोळा वेळा अडीच हजार माणसं घेऊन गेलं, एका फेरीला सरासरी सत्तेचाळीस दिवस, आणि वाटेत एकही माणूस मेला नाही. वर डॉक्टर होता आणि गर्दी त्या मानानं आवरलेली होती. पोरांना रडवणारं प्रदर्शन मला आवडत नाही. काळे कपडे, मागे सनई, एक पोर मेल्याचं सोंग घेऊन पडलेलं, असं एका ठिकाणी पाहिलं होतं. आमच्याकडे फूटपट्टी असते.

दोन गोष्टींची सरमिसळ हमखास होते, तेवढी सोडवून द्या. पहिली, हे गुलामांचं जहाज नाही. ही माणसं तिकीट काढून, बरीचशी कर्ज करून किंवा पलीकडच्या नातेवाइकानं पाठवलेल्या पैशांवर जात होती. दुसरी, १८३४ पासून मॉरिशसला जे करारावर मजूर गेले, त्यांत आपल्या कोकणातले मराठी लोकही होते. ती वेगळी कहाणी, वेगळा समुद्र. ती पुढच्या वर्षी करा. आनंदीबाई जोशींचं विचारतातच. त्या १८८३ मध्ये कोलकात्याहून मिशनरी बायकांच्या सोबतीनं निघाल्या, तोवर वाफेची जहाजं आली होती आणि अटलांटिक दीड-दोन आठवड्यांवर आला होता.

उतरण्याचा भाग लहान ठेवा. दाराशी एक टेबल, एक वही, नाव आणि गाव विचारायचं, बस. न्यूयॉर्कमध्ये १८५५ पासून कॅसल गार्डनला माणसं उतरत, १ जानेवारी १८९२ पासून एलिस बेटावर. पालकांपैकी एखादे बँकेतले काका कारकून म्हणून बसवा, ते हे काम फार गांभीर्यानं करतात.

शेवटी आवराआवर. विटा आणि प्लाय त्याच दिवशी परत पाठवा, बांबू मोजून द्या, मंडपवाला एक बांबू कमी असल्याचं नेहमी सांगतो. दलिया आणि तांदूळ शाळेच्या खिचडीला देऊन टाका. खडू झाडूनं निघत नाही, ओल्या फडक्यानंच पुसावा लागतो. हे काम दर वर्षी न सांगता मुलींच्या अंगावर पडायचं. आता नाही पडत. त्या ब्रिटिश नियमांत झाडणाऱ्यांचाही नियम आहे: दर शंभर प्रवाशांमागे पाच जण, आळीपाळीनं, चौदा वर्षांवरच्या पुरुषांमधून. अंथरूणं गुंडाळून, बर्थखालची जागा झाडून झाल्याशिवाय न्याहारी नाही. मी तो नियम मोठ्या अक्षरात लिहून दारावर लावते. बासष्ट पोरांमागे तीन झाडूवाले. सकाळी जागेसाठी तेरा वर्षांची झालेली मुलं संध्याकाळीही तेराचीच आहोत म्हणतात, पण हजेरीपट जन्मतारखेसकट माझ्या हातात असतो.